आधी बोंडअळी, मग धडा

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे आनुवंशिकता व उत्क्रांती. ज्यांनी हा धडा शिकवलाय त्यांना माहीत असेल, शिकवायला एकदम सोपा आणि समजायला तेवढाच अवघड. सोपा यासाठी की डार्विन, लॅमार्क, जिराफाची मान, अवशेषांगं सगळं पुस्तकात आहे, फळ्यावर हेडिंग टाका, दोन-चार आकृत्या काढा, स्वाध्याय लिहून द्या, धडा संपला. पोरं पण खूश कारण नैसर्गिक निवडीचं उत्तर पाच ओळीत पाठ होतं आणि पेपरात आलं की मार्क पडतात. पण त्याच पोराला विचारा की बावा, तुझ्या बाबाच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बीटी बियाणं (अळीला मारणारं जनुक घातलेलं) असूनही बोंडअळी कशी काय आली, तर तो सांगेल "सर, बियाणं बोगस होतं". धडा वहीत आणि अळी वावरात, दोघांची कधी गाठच पडत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. वर्गातली जवळपास सगळी पोरं-पोरी शेतकऱ्यांची नाहीतर शेतमजुरांची, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला जाणारी. यांना कापसाबद्दल जे माहीत आहे ते शहरातल्या एमएस्सी झालेल्या माणसाला माहीत नसतं, आणि तरी वर्गात आले की हे गप्प, कारण वर्गात जे बोललं जातं त्यात यांच्या माहितीला कुठे जागाच नसते. म्हणून हा धडा मी आता उलट्या बाजूने सुरू करतो. आधी प्रॉब्लेम द्यायचा, पोरांना त्यात डोकं घालू द्यायचं, काय माहीत आहे काय नाही ते त्यांनीच काढायचं, आणि लेक्चर सगळ्यात शेवटी. याला प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग म्हणतात, ट्रेनिंगमध्ये हा शब्द सगळ्यांनी ऐकला असेल पण तिथेही तो आपल्याला लेक्चर देऊनच सांगतात त्यामुळे तो नेमका कसा चालतो हे कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ही पद्धत शाळेतून नाही, मेडिकल कॉलेजातून आली. कॅनडात हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर युनिव्हर्सिटी आहे, तिथलं मेडिकल १९६९ ला सुरू झालं आणि त्यांनी पहिल्यापासूनच ठरवलं की आधी शरीररचना पाठ करा, मग औषधं पाठ करा, आणि पेशंट नंतर कधीतरी बघा, असं करायचं नाही. छोटे ग्रुप करायचे, ग्रुपपुढे एक केस ठेवायची, आणि त्या केससाठी जे लागेल ते शिकायचं. पुढे तिथेच हॉवर्ड बॅरोज नावाचे न्यूरॉलॉजिस्ट होते, त्यांनी ही पद्धत नीट बांधून मांडली. त्यांचं निरीक्षण साधं होतं, पोरं पहिल्या वर्षी रट्टा मारतात आणि वॉर्डात पेशंटपुढे उभी राहिली की त्यातलं काही कामी येत नाही. मग १९७४ ला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टने हीच वाट धरली आणि ग्रुपने काम कसं करायचं याच्या सात पायऱ्या ठरवल्या, १९८५ ला हार्वर्डनेही आपल्या मेडिकलमध्ये असा कोर्स आणला.

मला यात एक गोष्ट फार भावते. त्याच १९६९ साली आपल्या इथून थोड्याच अंतरावर सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज काढलं आणि तिथे प्रत्येक बॅचला एक गाव दत्तक दिलं जातं, पोरं त्या गावात जाऊन राहतात, घरोघरी फिरतात, लोकांचे आजार त्यांच्या घरात बसून समजून घेतात. ते मॅकमास्टरचं पाहून केलं नव्हतं, पद्धतही ती नाही, पण पुस्तकाच्या आधी माणूस हा विचार तिथेही होता. आणि त्याच्याही आधी १९३७ ला वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला होता, हाताच्या कामातून शिक्षण. म्हणजे आपल्या विदर्भाला हे नवीन नाहीच, आपणच ते विसरून फळ्याकडे तोंड करून उभे राहिलो. कृषी विभाग गावात शेतीशाळा घेतो ती तर याचीच बहीण, इंडोनेशियात १९८९ ला भातावरच्या तुडतुड्यांसाठी ती सुरू झाली, शेतकऱ्यांना भाषण न देता बांधावर बसवून किडे मोजायला लावायचे आणि फवारायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्यायचं. शेतकऱ्याला जे जमतं ते त्याच्या पोराला वर्गात का जमू नये?

आता वर्गात काय होतं ते सांगतो.

हा धडा मी डोमकळ्या दिसायला लागल्या की घेतो. ज्यांनी डोमकळी पाहिली नाही त्यांच्यासाठी, कपाशीचं फूल नीट उमलतं तेव्हा पाकळ्या मोकळ्या होतात, पण आत गुलाबी बोंडअळी असली की ती पाकळ्या आतून लाळेच्या धाग्याने बांधून टाकते आणि फूल पिळल्यासारखं बंद राहतं, छोट्या गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. पोरांना सांगतो घरच्या वावरातून डोमकळ्या आणा, हिरवी बोंडं आणा. वर्तमानपत्रावर मांडतो आणि ब्लेडने बोंड चिरतो. बाहेरून बोंड एकदम साजरं असतं, कुठे छिद्र नाही, कारण अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि मागचं छिद्र बुजून जातं. चिरलं की आत कापसाची पाकळी पिवळी पडलेली, सरकी पोखरलेली, आणि त्यात ती गुलाबी पट्ट्यांची अळी. कधी कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात आणि त्या जोडीच्या आत अळी झोपलेली असते. मग प्रॉब्लेमचा कागद देतो, त्यावर चारच ओळी असतात: बीटी बियाण्यात अळीला मारणारं प्रथिन तयार करणारं जनुक आहे. भारतात बीटी कापसाला २००२ ला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जनुकांचं बीटी आलं. सुरुवातीला बोंडअळी खरंच कमी झाली. २०१७ ला मात्र विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. असं कसं झालं?

बस, एवढंच. आणि मग मी गप्प बसतो, जे सगळ्यात कठीण काम आहे.

फळ्याचे तीन भाग केलेले असतात, काय माहीत आहे, काय वाटतं, काय शोधायचं. पहिल्या भागात पोरं जे सांगतात ते ऐकून माणूस चाट पडतो. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी तशीच उभी राखली की अळी वाढते, जिनिंगजवळच्या वावरात पतंग (अळीचे पुढे होतात ते) जास्त दिसतात, मे महिन्यातच पाण्यावर लावलेल्या पऱ्हाटीवर ती आधी येते, कवडी, म्हणजे किडक्या कापसाला भाव पडतो. एक पोरगी आहे, वर्षभर तोंड उघडत नाही, चाचणीत काठावर पास, ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, वेचताना हात लावला की समजते, किडलेलं बोंड पुरं उमलत नाही, कापूस बोटाले चिकटते, निंगतच नाही." वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोराने वही काढून ते लिहून घेतलं. मला विचाराल तर या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, वर्गात कोण बोलतं ते बदलतं.

खरी गंमत दुसऱ्या भागात. "काय वाटतं" म्हटलं की बोगस बियाणं हे उत्तर पहिलं येतं, ते मी खोडत नाही, लिहून ठेवतो, कारण बोगस बियाणं हीही खरी गोष्ट आहेच. दुसरं उत्तर हमखास येतं ते म्हणजे "अळीले सवय झाली". घरी सगळे हेच म्हणतात, कृषी केंद्रावरही हेच ऐकू येतं. आता हे वाक्य नीट बघा. रोज थोडं थोडं विष खाऊन अळी पक्की झाली आणि तिने तो पक्केपणा पोरांना दिला, हा तर सरळ लॅमार्क आहे! जिराफाने मान ताणली, ती लांब झाली आणि पिल्लांना तशीच मिळाली, त्यातलाच प्रकार. पुस्तकात लॅमार्क चूक आणि डार्विन बरोबर हे पोरं तोंडपाठ करतात आणि डोक्यात मात्र लॅमार्कच बसलेला असतो. लेक्चरमध्ये हे कधीच बाहेर येत नाही कारण तिथे पोराला स्वतःचं स्पष्टीकरण द्यायचंच नसतं, माझं उतरवून घ्यायचं असतं.

तेव्हाही मी चूक म्हणत नाही, एवढंच विचारतो, "अळीने विष खाल्लं की ती मरते म्हणता, मग मेलेल्या अळीला सवय कशी लागली?" ग्रुपमध्ये मग जे भांडण लागतं ते ऐकण्यासारखं असतं. त्यातून कोणीतरी म्हणतंच की सगळ्या मरत नसतील, काही आधीपासूनच वेगळ्या असतील. झालं, डार्विन आला वर्गात, आणि तो मी आणलेला नाही.

मग दाण्यांचा खेळ. प्रत्येक ग्रुपला एक वाटी हरभरा आणि त्यात दोन-चार तुरीचे दाणे. हरभरा म्हणजे बीटीने मरणाऱ्या अळ्या, तूर म्हणजे टिकणाऱ्या. एक पिढी झाली की जवळपास सगळे हरभरे काढून टाकायचे, जे उरले त्यांची संख्या वाढवायची, परत काढायचे. गुलाबी बोंडअळीची एक पिढी साधारण महिनाभरात होते म्हणजे एका हंगामात तीन-चार पिढ्या, तेवढ्या पिढ्या खेळल्या की वाटी तुरीने भरते. पोरं स्वतः मोजतात, ग्राफ काढतात. त्यात कुठलाही दाणा बदललेला नसतो, हरभऱ्याची तूर झालेली नसते, कोण उरलं तेवढंच बदललं. मग दुसरा डाव, वाटीच्या एका कोपऱ्यात हरभऱ्याचा वेगळा ढीग ठेवायचा ज्याला हात लावायचा नाही, आणि दर पिढीला त्यातले थोडे मुख्य ढिगात मिसळायचे. आता तूर खूप हळू वाढते. इथे पोरं थांबतात आणि विचारतात, सर, वावरात असा कोपरा असते काय?

असतो, नाहीतर असायला पाहिजे होता. ही माहिती त्यांनीच शोधून आणायची, कोणी कृषी सहायकाला विचारतं, कोणी कृषी केंद्रातून रिकामं पाकीट आणून त्यावरचं बारीक अक्षर वाचतं, कोणी घरी म्हाताऱ्यांना विचारतं. तेव्हा कळतं की आधी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची वेगळी पुडी यायची, ती वावराच्या कडेने लावायची होती, म्हणजे तिथे साधे पतंग तयार होतील आणि टिकलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होईल. एका पोराचे आजोबा त्याला म्हणाले, "थे पुडी आमी धुऱ्यावर फेकून देत होतो गा, वावर कायले वाया घालाव." हे त्याने वर्गात सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या घरी तेच झालं होतं. आणि आजोबांची चूक काय, त्यांना ती पुडी कशासाठी आहे हे कोणी नीट बसून सांगितलंच नाही, पाकिटात एक कागद घातला की झालं. आता साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून येतं, ४७५ ग्रॅमचं पाकीट, म्हणजे फेकायचा प्रश्नच नाही.

आता, या जागेवर येऊन मी खडू हातात घेतो आणि लेक्चर देतो. चांगलं तासभर देतो. कारण यापुढचं पोरांना आपसूक सापडणार नाही. टिकण्याचा गुण अप्रभावी असेल, म्हणजे आई-बाप दोघांकडून मिळाला तरच दिसणारा असेल, तर साध्या पतंगाशी संकर झाल्यावर पिल्लं मरणारीच का निघतात, हे नववीच्या मेंडेलशिवाय समजत नाही. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा सगळं खाते म्हणून तिला बाहेर आपोआप मोकळा कोपरा मिळतो, गुलाबी मात्र जवळपास कापसावरच जगते म्हणून ती पुडी तिच्यासाठी फार महत्त्वाची होती, हे मीच सांगतो. आणि सगळ्यात भारी मुद्दा, आपल्याकडे बीटी कापूस हा संकरित वाण आहे, त्यात बीटीचं जनुक जोडीतल्या एकाच बाजूला असतं, आणि बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी. मग एका जनुकाच्या बीटीत बोंडातल्या सरक्यांमध्ये जनुक असलेल्या आणि नसलेल्या किती? ३:१! दोन जनुकं असली तर ९:३:३:१. म्हणजे एकाच बोंडात अळीला एक सरकी विषारी, शेजारची कमी विषारी, एखादी बिनविषारी असं मिसळ खायला मिळतं आणि प्रतिकार वाढायला ते सोयीचं जातं. ज्या गुणोत्तराला पोरं नववीत वाटाण्याच्या तक्त्यात कंटाळून गेली होती ते त्यांनी काल ब्लेडने चिरलेल्या बोंडात बसलेलं असतं. त्या तासाला एकही पोरगं खिडकीबाहेर बघत नाही. लेक्चर तेच, फक्त आता त्याची वाट बघणारे कान असतात.

म्हणून मला "लेक्चर बंद करा" म्हणणाऱ्यांचं पटत नाही. यावर अभ्यासही भरपूर झालेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ ला जोरदार लेख लिहिला की नवख्या विद्यार्थ्याला कमी मार्गदर्शनात प्रश्नात सोडून दिलं तर त्याच्या डोक्यावर एकाच वेळी इतका भार पडतो की शिकणं होत नाही, आणि त्यात प्रॉब्लेम बेस्ड लर्निंगचं नाव थेट घेतलं. पुढच्याच वर्षी त्याला उत्तरही आलं की या पद्धतीत मार्गदर्शन असतंच, मास्तर पावलोपावली प्रश्न विचारून आधार देत असतो. माझ्या मते दोघांचंही ऐकावं. पोरांना कागद देऊन स्टाफरूममध्ये जाऊन बसलं तर पहिल्या लेखात लिहिलंय तेच होतं. दुसरीकडे २०१४ ला फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा हिशोब मांडला, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. त्यात प्रॉब्लेमवाले, चर्चावाले, सगळ्या प्रकारचे वर्ग होते. आणि शिक्षणावर संशोधन करणारे मनू कपूर यांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, आधी पोरांना प्रश्नाशी झटू द्या, उत्तर नाही आलं तरी चालेल, आणि मग नीट शिकवा, समज जास्त पक्की होते. आमच्या बोंडअळीच्या तासांत मी नेमकं हेच बघतो.

पालकांचं म्हणणं असतं की सर शिकवत नाही, पोरायलेच विचारत राहाते. बोर्डाचं वर्ष आहे, त्यांची काळजी खरी आहे, त्यांना मी वह्या दाखवतो. पोर्शनचं म्हणाल तर सगळे धडे असे घेता येत नाहीत आणि घेऊही नयेत, आवर्तसारणीला किंवा रासायनिक समीकरण संतुलित करायला मी सरळ फळ्यावर उदाहरणं सोडवून दाखवतो, तिथे तेच चांगलं. वर्षात दोन-तीन धडे असे निवडायचे ज्यात गावाचा प्रश्न आणि धड्याचा गाभा एकच आहे. ही निवड हेच मास्तरचं खरं काम, तास तर नंतर पोरंच चालवतात.

निवडीबद्दल एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. गावाचा प्रत्येक प्रश्न वर्गात आणायचा नसतो. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, कर्जापायी काय काय झालं तेही सगळ्यांना माहीत आहे. ज्या वर्गात एखाद्या बाकावर त्या घरातलं लेकरू बसलेलं असू शकतं तिथे त्या दुःखाची केस करून ग्रुपला वाटायची नाही. फवारणीची काळजी मी शिकवतो, हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, डब्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण, पण ते सरळ शिकवतो, कोडं घालून नाही. तसंच "तुमच्या घरी किती कापूस झाला" हेही भर वर्गात विचारत नाही, मजुराच्या पोराकडे वावरच नसतं.

आणि प्रॉब्लेमचा शेवट हातात काहीतरी घेऊन व्हावा, नुसतं कारण कळून उपयोग नाही. आमच्या पोरांनी शेवटी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले, शिफारस अशी आहे की सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा. रोज सकाळी शाळेत येताना पतंग मोजून आकडा व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचा असं त्यांनीच ठरवलं. मग गावातली माणसं शाळेच्या गेटातून आत येऊन तो फळा वाचायला लागली, "आज किती हायेत गा?" अमेरिकेने गुलाबी बोंडअळी देशातून संपली असं २०१८ ला जाहीर केलं, बीटी कापूस होताच, त्यासोबत वांझ पतंग सोडले, पऱ्हाटी वेळेवर मोडली, आणि सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून केलं. हे सांगितल्यावर एका पोराने विचारलं, "आपल्या इथं एकट्याच्या बाबानं फरदड मोडली त काय होते, बाजूवाल्याची त उभीच राहाते न?" याचं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नाही. ते वाक्य मी तिसऱ्या भागात, "काय शोधायचं" खाली लिहून ठेवलं आणि इतिहास-नागरिकशास्त्राच्या मॅडमना सांगितलं की ग्रामसभेचा तास याच प्रश्नावर घ्या, त्या हो म्हणाल्या.

आता सातवीसाठी नवीन प्रॉब्लेम तयार करतोय, घरचं सोयाबीन बियाणं म्हणून चालेल का. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवायचे, उगवलेले मोजायचे, ७० च्या खाली आले तर एकरी बियाणं किती वाढवावं लागेल ते काढायचं. शेकडेवारी आणि त्रैराशिक दोन्ही त्यात येतं. हे मात्र मे महिन्यात करायला पाहिजे आणि तेव्हा शाळा बंद, म्हणून एप्रिलमध्येच गोणपाट भिजवायचा विचार आहे. तुमच्याकडे कोणी हे वर्गात करून पाहिलं असेल तर किती दिवसांनी मोजता आणि बुरशी लागलेले दाणे कशात धरता, एवढं सांगा.